काटा सत्तरवर

ती पेटी उघडली की वासाआधी आवाज यायचा. ओठ विलग व्हावेत इतका बारीक आवाज, आणि मग आत कोणीतरी फार वेळ श्वास रोखून बसलेलं असावं तसा तो वास सावकाश बाहेर पडायचा. देवदाराचं लाकूड, जुनं चामडं, मनुका, सावलीतली ओली माती, आणि या साऱ्याच्या तळाशी एखादी लांबलेली, पिवळसर दुपार. मी मूळचा साताऱ्याकडचा, कोरड्या हवेत वाढलेला माणूस. हवेतल्या ओलीला चव असते, वजन असतं, आणि तिच्यासाठी कोणी जीव टाकू शकतं, हे मला वसईजवळच्या उमेळ्यात आल्यावर कळलं. तेही त्या पेटीमुळे.

पेटी इनासकाकांची. आमच्या इमारतीच्या जागी पूर्वी त्यांची केळीची वाडी होती. वाडी गेली, तिच्या कडेचं कौलारू घर आणि विहीर तेवढी राहिली, आणि माझ्या दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीला आयुष्यभर पुरेल असा देखावा मिळाला. काका तरुणपणापासून बोटीवर होते, जेवणघराकडे. लग्नाला पंचवीस वर्षं झाली त्या वर्षी त्यांनी बोट सोडली, तेव्हा कप्तानाने निरोपादाखल ही छोटीशी पेटी दिली : आत पंचवीस सिगार, झाकणाच्या आतल्या बाजूला पाणी धरून ठेवणारा स्पंज, आणि समोर हवेतली ओल दाखवणारी पितळी तबकडी. सिगार म्हणजे वाळलेला पाला असला तरी त्याला मेलेला समजायचं नाही, असं काका सांगत. त्याला शंभरातले सत्तर हिस्से ओल लागते. कमी पडली की तो तडकतो, जास्त झाली की त्याला बुरशी धरते.

आता यातली गंमत अशी, की इनासकाका ओढत नाहीत. अगरबत्तीनेसुद्धा त्यांना ठसका लागतो. ओढते ती रोझीमावशी, त्यांची बायको. लाल लुगडं नेसणारी, सत्तरीची, आठवड्यातून तीनदा चर्चमध्ये मिस्सेला जाणारी रोझीमावशी. तिच्या माहेरी पानवेली होत्या, आणि तिची आजी वेलींना पाणी सोडून झालं की पाटाच्या कडेला बसून चिरूट ओढायची, असं ती सांगते. नवी नवरी असताना तिने हे नवऱ्याला चिडवण्याच्या सुरात सांगितलं, आणि त्याने पहिल्या रजेवर येताना थट्टा म्हणून बंदरातून एक सिगार आणली. तिने ती विहिरीजवळच्या धुण्याच्या दगडावर बसून, शांतपणे, शेवटपर्यंत ओढली. थट्टा करणारा बघत राहिला. तेव्हापासून लग्नाच्या वाढदिवसाला, दुपारी चार वाजता, एक. बोटीची नोकरी सुटल्यावर पेटीतली एकेक. गेल्या हिवाळ्यात पेटीत शेवटची उरली होती, आणि जानेवारीच्या मध्यावर त्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं होणार होती.

त्या सोहळ्यासाठी घराला रंग काढायचं ठरलं, आणि नोव्हेंबरच्या अखेरीस एका सकाळी इनासकाका पेटी छातीशी धरून जिना चढून माझ्या दारात उभे राहिले.

"मास्तर, दीड महिना ठेवा. पेटीला वास लगेच लागतो. मग रोझी काय सिगार ओढील का डिस्टेंपर?"

मी शाळेत मराठी शिकवतो आणि स्नेहसंमेलनाची नाटकं बसवतो. एवढी मोलाची वस्तू हाती येताच माझ्या चेहऱ्यावर आपोआप पहिल्या अंकाचा प्रकाश पडला. काकांनी नियम एकच सांगितला : काटा सत्तरवर असेपर्यंत पाण्याला हात लावायचा नाही, खाली आला तर चमचाभर घालायचं. तेही नळाचं नाही, विहिरीचं तर नाहीच, कारण आमच्याकडच्या पाण्यातला खार स्पंजात बसतो. त्यासाठी त्यांनी खिशातून बॅटरीच्या पाण्याची बाटली काढून दिली. माझी बायको वृंदा साड्यांच्या कपाटात तंबाखू ठेवू देईना, म्हणून पेटी फ्रिजवर विराजमान झाली.

आता कबुली देतो. दुसऱ्यांच्या वस्तू मी प्राणापलीकडे जपतो, पण त्या दाखवल्याशिवाय मला राहवत नाही. शाळेतले सहकारी आले, पेटी उघडली. वृंदाचा भाऊ आला, पेटी उघडली. सोसायटीचे सेक्रेटरी पाण्याच्या मोटारीबद्दल भांडायला आले, त्यांनाही मी खुर्चीवर बसवलं, दिवे मंद केले आणि झाकण वर करून कप्तानाची गोष्ट सांगितली. गोष्ट प्रत्येक वेळी थोडी वाढत होती. तिसऱ्या वेळी कप्तानाला दाढी आली, पाचव्या वेळी वादळ आलं, आणि नाताळच्या आदल्या आठवड्यात तर कप्तानाने कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून, डोळे पुसत, इनासकाकांच्या हाती पेटी सोपवली.

"काल बोट बुडत नव्हती," वृंदा आतून म्हणाली.

ते दिवस फार सुंदर होते. सकाळी पूर्वेकडून कोरडा, गार वारा यायचा, समोरच्या अंगणात चुना कालवल्याचा वास उठायचा, घराची एकेक भिंत झोपेतून जागी झाल्यासारखी पांढरी होत जायची, आणि दुपारच्या तिरप्या उन्हात माझ्या फ्रिजवर पितळी तबकडी सोन्यासारखी चमकायची. काटा सत्तरवर. मी तिच्याकडे बघून निश्चिंत व्हायचो आणि पुढच्या प्रेक्षकांची वाट बघायचो.

मग एका संध्याकाळी पाहुण्यांना वास द्यावा म्हणून मी ती सिगार उचलली आणि बोटांत किंचित फिरवली, तर तिच्यातून पापडाला बोट लागावं तसा आवाज आला. पाहुण्यांना तो कळला नाही. मला कळला. टोकाजवळच्या वरच्या पानावर केसाएवढी फट पडली होती. वसईची सुकेळी, ती उन्हात सुकवलेली केळी, कशी दाबली की लवते, तशी सिगार लवली पाहिजे, हे काकांनी मला शिकवलं होतं. ही लवत नव्हती. आणि काटा, सत्तरवर.

त्या रात्री मी फारसा बोललो नाही. वृंदाने दोनदा कपाळाला हात लावून ताप बघितला.

दुसऱ्या दिवशी काका रंगाचे डबे आणायला स्टेशनकडे गेलेले बघून मी पेटी कापडी पिशवीत घालून त्यांच्या मागच्या दारी गेलो. स्वयंपाकघर रंगवायला घेतलं होतं, त्यामुळे रोझीमावशीने विहिरीजवळ तीन दगड मांडून त्यावर भात चढवला होता. मी काही बोलण्याआधीच तिने पिशवी घेतली, झाकण उघडलं आणि सिगार कानाशी धरून हलकेच दाबली. एखाद्या लहान मुलाचं कुजबुजणं ऐकावं तशी ती ऐकत होती.

"किती वेळा उघडलीस?"

"रोज एकदा."

"पाव्हणे धरून सांग."

मी विहिरीत बघितलं. मग नाटक बसवणारा माणूस शेवटी दुसऱ्यावर ढकलतो तसं काट्यावर ढकललं. म्हटलं, मावशी, हा बघा ना, अजून सत्तर दाखवतो. तिने चाकूच्या टोकाने ती तबकडी पेटीतून उचकटली, भातावरचं झाकण सारलं आणि पदराने धरून ती वाफेत धरली. काच धुरकट झाली, तिच्यावरून थेंब ओघळले, भाताच्या त्या ढगातून मी वाकून बघितलं. काटा सत्तरवरून हलला नव्हता.

"पाच पावसाळे झाले," मावशी म्हणाली. "पावसात सत्तर, मे महिन्यात सत्तर."

मग भात वैरताना सांगावं इतक्या साध्या आवाजात तिने सांगितलं. जेवण झालं की इनास रोज पेटी उघडतो, काटा बघतो, घरभर ऐकू जाईल असं "सत्तर" म्हणतो आणि समाधानाने आडवा होतो. पाणी घालायचा प्रश्न येत नाही, कारण काटा खाली येतच नाही. दर शनिवारी तो घोरायला लागला की ती उठते आणि बाटलीतलं चमचाभर पाणी स्पंजात सोडते. माझ्याकडे पेटी आल्यापासून तीन शनिवार कोरडे गेले होते. शिवाय फ्रिजची ऊब होती, आणि माझं तोंड होतं.

"मग त्यांना सांगत का नाही काटा बिघडला म्हणून?"

तिने जाळ थोडा मागे ओढला. "डोळ्यांचं ऑपरेशन झालं. गुडघे गेले. वाडी गेली. एक काटा तेवढा त्याच्या म्हणण्यात होता रे. तोपण गेला असं कोण सांगील?"

पानवेलीच्या घरची ती. पाल्याची तहान तिला ठाऊक होती. सुकलेल्या पानाला एकदम पाणी दिलं तर ते फुगून फाटतं, म्हणून पहिल्या आठवड्यात अर्धाच चमचा, दुसऱ्यात पाऊण, तिसऱ्यात पुरा. केळीचं पान आत ठेवायचं का, असं मी विचारलं, तर तिने माझ्याकडे असं बघितलं की मी पुढे काही सुचवलं नाही. केळीचा वास तंबाखूला लागला असता. भाताची पेज दोन बोटांत घोटून तिने त्या फटीवर एक थेंब लावला आणि नखाने सपाट केला. तबकडी परत जागेवर बसवली, पुसून लख्ख करून. पेटी फ्रिजवरून खाली, पलंगाखालच्या अंधारात. उघडायची ती फक्त शनिवारी, तिच्यासमोर, सिगारला पाव वळण देण्यापुरती. जिवंत होईल का, या माझ्या प्रश्नाला ती एवढंच म्हणाली, "मला काय देवदूत सांगून गेला?"

ते तीन आठवडे मी जन्मात पहिल्यांदा एक गोष्ट बंद ठेवून जगलो. नाताळ आला, अंगणात कागदाचे तारे लागले, पाहुणे आले आणि फ्रिजवरच्या रिकाम्या जागेकडे बघून पेटीबद्दल विचारू लागले. मी हवापाण्याविषयी बोलत राहिलो. शनिवारी मावशी केळ्यांचा फणा पदराखाली घेऊन यायची, केळी वृंदाच्या हाती द्यायची आणि मी पलंगाखाली आडवा व्हायचो. झाकण उघडायचं, बंद व्हायचं. त्या दोन क्षणांत सुटणारा वास पहिल्या शनिवारी अगदी क्षीण होता, लांबच्या घरातल्या स्वयंपाकासारखा. दुसऱ्या शनिवारी तो दारापर्यंत आला. तिसऱ्या शनिवारी मावशीने डोळे मिटून घेतले, आणि मला विचारायचा धीर झाला नाही.

सोहळ्याच्या दिवशी मिस्सा झाली, जेवणं झाली, अंगणातल्या मांडवात माणसं पोटभर सुस्तावून खुर्च्यांवरच पेंगू लागली. चार वाजता मी माझ्या गॅलरीत, वाळत टाकलेल्या चादरीच्या आड उभा होतो. नव्या चुन्याच्या भिंतीवर जानेवारीचं ऊन दुधासारखं साकळलं होतं. रोझीमावशी धुण्याच्या दगडावर बसली. इनासकाकांनी लग्नातला कोट घातलेला होता, तो मागे पाठीवर थोडा उसवलेला दिसत होता. त्यांनी पेटी उघडली, आधी काटा बघितला, मग सिगार काढून तिच्या हातात दिली, आणि काडी पेटवून ज्योत लांबूनच टोकाभोवती फिरवत राहिले. तिने एक झुरका घेतला. काही नाही. दुसरा घेतला, गाल आत गेले, आणि माझे हात चादरीत आवळले गेले, कारण पेज सुटली असती तर तिथेच सुटली असती. तिसऱ्या झुरक्याला तिच्या ओठांतून एक निळी, जाड, आळसावलेली रेघ निघाली, विहिरीच्या कठड्यावरून सावकाश गेली आणि उन्हात कुठे संपली ते दिसलंच नाही. काका ठसका येऊ नये म्हणून वाऱ्याच्या उलट्या बाजूला, पण शक्य तितके जवळ, बसून होते. मधेच मावशीने मान वर केली, थेट माझ्या चादरीकडे बघितलं, आणि धुराचं एक कडं माझ्या दिशेने सोडून दिलं.

मला वाटलं, झालं. पन्नास वर्षं संपली, पंचवीस संपल्या, पेटी आता माळ्यावर जाईल, आणि मी गोष्ट सांगायला मोकळा. मनातल्या मनात मी बोट पुन्हा पाण्यात ढकलायलाही लागलो होतो.

फेब्रुवारीत एका शनिवारी मावशीने अंगणातून हाक मारली. स्टेशनकडे जातोस तर बॅटरीच्या पाण्याची बाटली आण, म्हणाली. मी खाली वाकून हळूच विचारलं, आता कशाला? तिने प्रश्न ऐकलाच नाही असं केलं.

बाटली घेऊन मी आलो तेव्हा काकांचं जेवण नुकतंच झालं होतं. ते ओट्यावर मांडीवर पेटी घेऊन बसले होते. चष्मा खिडकीच्या कट्ट्यावर घडी करून ठेवलेला होता. त्यांनी झाकण उघडलं, तो बारीक आवाज आला, आणि रिकाम्या पेटीतून तोच वास, थोडा हलका, अंगणभर झाला. मावशी विहिरीवर भांडी विसळत होती. काका तिच्याकडेच बघत होते, तबकडीकडे त्यांचं लक्षही नव्हतं.

"सत्तर," ते म्हणाले, घरभर ऐकू जाईल असं.

मावशीच्या हातातलं भांडं क्षणभर थांबलं आणि पुन्हा फिरू लागलं. काकांनी झाकण हलकेच टेकवून पेटी ओट्यावर ठेवली, माझ्या पिशवीतून डोकावणाऱ्या बाटलीकडे एकदा बघितलं, मग माझ्याकडे, आणि आत जाऊन आडवे झाले. त्यांना काय ठाऊक होतं आणि कधीपासून, हे मी विचारलं नाही. ओट्यावर उन्हाचा एक तुकडा होता, तो पेटीपर्यंत यायला अजून अवकाश होता. मी बाटली पेटीजवळ ठेवली आणि आतून घोरण्याचा आवाज यायची वाट बघत, कधी नव्हे तो गप्प, पायरीवर बसून राहिलो.