चारोळीवरचा नवरदेव

भट्टी पेटायच्या त्या दिवसांत साऱ्या भिलाईत पोलादाचं काडीचंही कौतुक नसलेलं एकच माणूस होतं, आणि ते नेमकं आमच्या सेक्टर दोनच्या क्वार्टरमध्ये, माझी थोरली जाऊ होऊन राहत होतं. पहिलं लोखंड वाहिलं त्या दिवशी आख्खी लाइन नटूनथटून प्लांटकडे निघाली. जाऊबाई मात्र मागच्या दारच्या चारोळीच्या झाडाखाली मान वर करून उभ्या. मी हाक मारली तर म्हणाल्या, "तुमी व्हा पुढं. लोखंड का उडून चाललं? हे उडून जाईन."

'हे' म्हणजे एक अळी. ती पानाची सुरळी करून, रेशमाच्या टाक्यांनी शिवून आत राहायची, आणि तिचा नखाएवढा पतंग व्हायचा. लग्नाआधी नागपूरला जाऊबाई प्राणिशास्त्र शिकल्या होत्या, आणि ते शास्त्र त्यांनी रुखवतासारखं सोबत आणलं होतं. आमच्या घरात लोणच्याच्या बरण्यांत लोणचं नसे. तोंडाला मलमल बांधलेल्या बरण्या फळीवर ओळीनं बसलेल्या, आणि पाहुण्यांनी लोणचं मागितलं की मी आधी बरणी उजेडात धरून बघायची. कोणाच्या दारात बसायला गेल्या तरी त्यांचे डोळे यजमानीणबाईंवर नसून तिच्या कुंपणावर. एकदा बोलता बोलता शेजारणीच्या वेणीतलं गुंडाळलेलं पान त्यांनी हळूच काढून घेतलं. बाईंना वाटलं, आपली वेणीच नीट करतायत.

या चारोळीवरच्या पतंगाचे नमुने त्यांनी नागपूरच्या आपल्या जुन्या सरांकडे पाठवले. सरांनी कळवलं की जात नवी दिसते, आजवर कुणी वर्णन केलेली नाही. पण आल्यात त्या सगळ्या माद्या. नर मिळाल्याशिवाय खात्रीनं काही लिहिता येणार नाही. त्या दिवसापासून जाऊबाईंच्या अंगात वारं शिरलं. भाजी चिरता चिरता उठायच्या, झाडाला एक फेरी मारून यायच्या, आणि परत आल्यावर भाजी कोणती चिरत होतो ते मला विचारायच्या. महिला मंडळात बायकांनी विचारलं, नरच कशाला पाहिजे. जाऊबाईंनी चिवड्याची ताटली पुढे करत, जननेंद्रियांच्या घडणीवरून जात कशी ठरते ते शांतपणे सांगितलं. ताटलीला कुणी हात लावेना. शेवटी एक वयस्कर बाई म्हणाल्या, "म्हंजे तिथंबी बाईच्या नावाले नर लागतेच का?" जाऊबाई म्हणाल्या, "लागते नं. मले बी तोच राग आहे."

त्यातच झाडाच्या खोडावर चुन्याचा पट्टा आला. तिथून रस्ता जाणार होता. जाऊबाईंनी मोजमाप घ्यायला आलेल्या ओव्हरसियरला गाठलं. तो बिचारा अदबीनं म्हणाला, "बहनजी, कीड़ों के लिए सड़क नहीं रुकेगी."

"सड़क मत रोको, भैया," जाऊबाई म्हणाल्या. "पेड़ गिरे तब मुझे बुला लेना. बस."

त्यानं खरंच बोलावलं. झाड आडवं झालं तेव्हा लाइनीतल्या बायका पिशव्या, चाळण्या, उशांचे अभ्रे घेऊन हजर होत्या. कशासाठी ते निम्म्यांना ठाऊक नव्हतं, पण जाऊबाईंची लगबग पाहून कुणाला घरात राहवेना. पदर खोचून सगळ्या फांद्यांत शिरल्या. "सुरळी दाबू नका, आत जीव आहे," जाऊबाई ओरडत होत्या. त्यांच्या केसांत पालापाचोळा, गालावर ओरखडा, आणि चेहऱ्यावर लग्नघरातला उजेड.

पुढचे दिवस आमच्या आंघोळीच्या बादल्यांत चारोळीच्या फांद्या उभ्या राहिल्या आणि पुरुषमंडळी सरळ नळाखाली बसली. भासरे, म्हणजे जाऊबाईंचे यजमान, ओले केस पुसत एवढंच म्हणाले, "पाहुणे कधी जाऊन राहिले?" फांद्या सुकत चालल्या होत्या. बरण्यांमधून आधी बाहेर पडल्या अळीला आतून खाऊन मोठ्या झालेल्या बारक्या काळ्या गांधिलमाशा. मग मादी. पुन्हा मादी. जाऊबाईंचं बोलणं कमी झालं.

एका दुपारी मी पोळ्या लाटत होते. मागून अगदी हळू आवाज आला, "शेगडी राहू दे. इकडं ये. पाय वाजवू नको."

बरणीच्या काचेवर तो बसला होता. माद्यांहून लहान, पंखाच्या कडेला काळा झुबका. जाऊबाईंनी माझा पिठाचा हात घट्ट धरला. "आला," म्हणाल्या. "नवरदेव आला." माझी पोळी जळाली, पण त्या वासाकडे दोघींचंही लक्ष नव्हतं.

वर्णन लिहायचं तर त्याला मारायला हवा होता. औषधाची बाटली त्यांनी हातात घेतली आणि बराच वेळ नुसती धरून ठेवली. मग म्हणाल्या, "जरा वेळ बसू दे त्याले." तो बसला तितका वेळ आम्ही दोघीही बसलो.

नंतरचे आठवडे घर नुसतं वर्णनमय झालं. पंखाचा रंग कोणता यावर जेवणं अडू लागली. मी म्हणे करपलेली हळद, माझे यजमान म्हणत गंजलेला पत्रा. दिवसभर ड्रॉइंग ऑफिसात पाइपांचे नकाशे काढणाऱ्या भासऱ्यांनी पंखाच्या शिरा काढून दिल्या, आणि पहिल्यांदा बायकोला विचारलं, "हे वाकडं जाऊन राहिलं, ते कावून?" वर्णन छापून आलं. सरांच्या नावाच्या आधी जाऊबाईंचं नाव होतं, आणि पतंगाच्या लॅटिन नावात भिलाई.

त्यानंतर रविवारी आम्ही दोघी जवळच्या कुरुद गावाकडे चारोळीची झाडं शोधत हिंडायचो. झाडं सापडली, सुरळ्याही सापडल्या, पण आत भलत्याच अळ्या. पुढच्या पावसाळ्यातही तेच. एकदा थकून तळ्याच्या बांधावर बसलो होतो. जाऊबाई पाण्याकडे बघत म्हणाल्या, "नाव ठेवलं आपण त्याचं. आता हाक मारली तर ओ द्यायले कोणी नाही."

मी म्हटलं, "असन कुठंतरी, जाऊबाई."

त्या उठल्या, पदराला लागलेली कुसळं काढली आणि बांधापलीकडच्या झाडाकडे चालू लागल्या. मीही मागोमाग निघाले.