मागच्या दारानं

"टाक ती जिलेबी. थुक आधी."

एक बाई आपल्या पोरीला म्हणत व्हती. पोरीचं तोंड भरलेलं. आईनं पाठीत धपाटा घातला तशी तिनं जिलेबी मातीत थुकली. ती जिलेबी मी वाढली व्हती. शाळेच्या मैदानात, झेंड्याखाली. ह्या देशातला माझा पहिला पंधरा ऑगस्ट.

मी नेपाळची. माण आन् आटपाडीच्या शिवेवरच्या ह्या गावात लग्न करून आले. माझ्या नवऱ्याचं आमच्या तिकडच्या बाजारात सोनं गाळायचं दुकान हाय. ह्या भागातली लय माणसं तोच धंदा करत लांब लांब गेलीत. पस्तिशी उलटली तरी गावात त्याला कुणी पोरगी देईना, म्हणून मला बघून सासू गप बसली. तो दुकानावर तिकडं, मी सासूजवळ इकडं. मराठी मी तिच्याकडनं शिकले, म्हणून ती अशी हाय.

माझा बाप कामी. म्हंजी लोहारकाम करणारा. आमच्या तिकडं कामीला शिवत न्हाईत. चहाच्या दुकानात आपला गिलास आपणच धुवायचा. चुकून धक्का लागला तर लोक विटाळ फिटावा म्हणून सोनं बुडवलेलं पाणी अंगावर शिंपडून घेतात. भांडी, कोयते, विळे सगळे बापाच्या हातचे घेतात, बाप तेवढा उंबऱ्याबाहेर. नवरा म्हणला व्हता, "आमच्याकडं लोहाराला कोण काय म्हणत न्हाई." सीमेवर मला कुणी जात विचारली न्हाई. मला वाटलं, सुटले.

त्या दिवशी मी पहाटे उठले. लग्नातली साडी नेसले. राष्ट्रगीत पोरांचं ऐकून ऐकून पाठ केलं व्हतं, एक शब्द चुकला न्हाई. बचत गटाच्या बायकांनी जिलेबी केली व्हती, त्यांनी ताट माझ्या हातात दिलं. "नवी सून वाढू दे." मला लय भारी वाटलं. आता आपण इथलं झालो, असं वाटलं.

झेंडा सुभेदारांनी फडकवला. आमच्या शेजारचेच. रिटायर झालेले, दर वर्षी हा मान त्येंचाच. सहा महिने लेकाकडं पुण्याला व्हते, झेंड्यासाठी आदल्या दिवशी आले. त्येंची म्हातारी आई इथं एकटी. तिला उठवत न्हाई, म्हणून टँकरचं पाणी उन्हाळ्यापासनं मीच नेऊन देत व्हते. दोन हंडे, एक घरचा भरला की एक तिचा. तिनं मला कवा नाव सोडून दुसरं काय विचारलं न्हाई.

आधी पोरांना वाढलं, मग खुर्च्यांवरच्या पाहुण्यांम्होरं ताट पुढं केलं. सुभेदारांनी जिलेबी उचलली, माझ्या तोंडाकडं बघितलं आन् म्हणले, "बहिनी, थर के हो?"

माझी भाषा. बहिणी, तुझं कूळ कोणतं, असं विचारत व्हते. नोकरीत गोरखा पलटणीबरोबर राहिलेले, तिथं शिकले व्हते. कित्येक महिन्यांत फोन सोडून ही भाषा कानावर पडली नव्हती. माझे डोळे भरले. मी येडी. आडनाव सांगितलं, गाव सांगितलं, बाप काय करतो तेबी सांगितलं.

ते हसले. रागावले न्हाईत, ओळख पटल्यागत हसले. मग शेजारच्या खुर्चीकडं वळून खणखणीत मराठीत म्हणले, "कामी हाय ही. आपल्याकडचा लोहार न्हवं. तिकडं ह्यांचं पाणी चालत न्हाई."

आन् जिलेबी ताटात परत ठेवली.

बास. एका खुर्चीवरनं दुसऱ्या खुर्चीवर गेलं, बायकांत गेलं. एक गुरुजी आले, लय मऊ आवाजात म्हणले, "राहू द्या वहिनी, आमी वाढतो." ताट काढून घेतलं. गावचा लोहार तिथंच उभा राहून जिलेबी खात व्हता. त्याला कोण काय म्हणलं न्हाई. म्हंजी ह्या गावाला स्वतःची शिवाशिव कमी पडली, म्हणून माझ्या देशातली मागवून घेतली. घडीभर आधी त्याच माईकवर समतेचं भाषण झालं व्हतं. मला शिसारी आली. अजून येते.

घरी आले तर सासू उंबऱ्यावर गोमूत्र शिंपडत व्हती. शेजारणी बघत व्हत्या. सासू म्हणली, "जा, सांग, चुकून बोलले. छेत्री हाय म्हण, वरची जात. नेपाळला कोण बघाय जातंय?" नवऱ्याला फोन लावला. तो म्हणला, "आईचं ऐक. एवढं काय त्यात?"

मी फोन ठेवला. कुणाला काय सांगायला गेले न्हाई.

यंदा पाऊस न्हाई. पुढच्या टँकरला मी घरचा हंडा भरून निघाले, तर सुभेदार बोळात उभे. आवाज पार बारीक.

"पोरी, म्हातारी तुझंच नाव घेती. दोन हंडे दे. मागच्या दारानं आण, कुणी बघत न्हाई."

माझं अंग जळालं. मी म्हणलं, "पुढच्या दारानं आणते. तुमी ओट्यावर बसा, माझ्या हातचा तांब्या घ्या आन् गल्लीसमोर प्या. आवं, उन्हाळाभर तुमच्या घरात माझंच पाणी हाय."

त्येंनी मान खाली घातली. "गावात राह्याचं हाय गं."

"मलाबी राह्याचं हाय," मी म्हणलं आन् घरी आले. म्हातारीचं वाईट वाटलं. तरी गेले न्हाई.

सव्वीस जानेवारी येईल. परत जिलेबी होईल. ताट माझ्या हातात देतील का न्हाई, ते त्येंचं त्येंनी बघावं. मी साडी नेसून पहिल्या रांगेत उभी राहणार. कुणी कूळ विचारलं तर पुरं सांगणार, बापाच्या भात्यासकट, माईकवर विचारलं तर माईकवर. छेत्री म्हणणार न्हाई. आन् मागच्या दारानं ह्या गावात मी पाणी तर न्हाईच, पाऊलबी नेणार न्हाई.