ओढ्यापलीकडची अकरा घरं

सरकारी कचेरीत नकाशे कपाटावर साठतात आणि किस्से चहाच्या टेबलावर. नकाशांवर धूळ बसते, किश्श्यांवर मात्र कुणी बसू देत नाही! नव्वदच्या दशकात मी बारामतीच्या एका कचेरीत आरेखक होतो, म्हणजे नकाशे काढणारा. हे तेव्हाचे.

पूर, आग, साथ असं काही आलं तर धावाधाव नको, म्हणून सगळ्या खात्यांचा मिळून एकच नकाशा कॉम्प्युटरवर करा, असा वरून आदेश आला. जीआयएस म्हणतात त्याला. बारामती आणि इंदापूर, दोन्ही तालुके. साहेब म्हणाले, "कुठल्या वस्तीवर कुठल्या रस्त्यानं जायचं, ते एका मिनिटात दिसलं पाहिजे."

"दिसेल, साहेब!" मी म्हणालो. तेव्हा मला कॉम्प्युटरचं बटण कुठं आहे तेही दिसत नव्हतं.

*

पहिल्याच बैठकीला चार खात्यांचे चार नकाशे आले. शेळगावजवळचा एकच ओढा चार ठिकाणांहून वाहत होता! प्रत्येक जण आपापल्या ओढ्यावर ठाम. दोन तास कुणी हटेना.

शेवटी आरोग्य खात्याच्या लोखंडे सिस्टर उठल्या. बाई एकदा उठल्या की बसवणं अवघड.

"चला, ओढ्यालाच इचारू!"

आणि खरंच आम्हाला भर उन्हात ओढ्याच्या काठानं चालवलं. संध्याकाळी सगळ्यांच्या पायाला फोड. ओढा निघाला पाचव्याच ठिकाणी!

*

पाटबंधारे खात्याचे कालवा निरीक्षक साळुंखे तात्या. त्यांनी कालव्याचा नकाशा द्यायला साफ नकार दिला.

"खात्याचा नकाशा माझ्या नजरंआड जानार न्हाय."

मग तोडगा निघाला. तात्या रोज सकाळी नकाशा काखेत मारून यायचे. मी तो कॉम्प्युटरवर उतरवायचो आणि ते दुसरं टोक धरून बसायचे. पाच वाजले की गुंडाळून घरी! एकदा मी म्हणालो, "तात्या, जेवायला तरी सोडा."

"जेवतो की. एका हातानं!"

त्यांच्या डब्यातल्या ठेच्याचा एक डाग त्या नकाशावर पडला. मी तो वाडी समजून उतरवला होता. सिस्टरांनी वाडीचं नाव विचारलं तेव्हा भानगड कळली.

*

पुराचं पाणी जिथं शिरतं तो भाग आम्ही निळा रंगवला. आठवड्याच्या आत कन्हेरीची मंडळी पेरूची पाटी घेऊन हजर.

"सायेब, आमचं शिवार बी निळ्यात घ्या."

बागायती मुलूख. इथं निळं म्हणजे कालव्याचं पाणी, दुसरं काय! मी समजावलं, "अहो, निळं म्हणजे तुमचं रान बुडणार."

मग त्यांच्यातले एक म्हातारे पुढं झाले. "बुडू द्या की! पर तेवढं उन्हाळ्यात बुडवा."

*

आता लोखंडे सिस्टरांची वही. पोलिओच्या डोसासाठी बाईंनी घर न् घर लिहून ठेवलेलं. त्यात वरकुट्याच्या ओढ्यापलीकडं अकरा घरं होती. बौद्ध कुटुंबं, एक छोटा विहार, लिंबाखाली हापसा. आमच्या नकाशात तिथं कोरा कागद.

साहेब म्हणाले, "दोन खात्यांचा पुरावा असल्याशिवाय वस्ती चढवायची नाही. नियम आहे."

"नकाशात न्हाय म्हनून पोरं जल्माला यायची थांबत्यात व्हय?" सिस्टर कडाडल्या. "ओढा फुगला की ती मानसं तिकडंच अडकत्यात. गाडी कुठं पाठवनार तुमी? कोऱ्या कागदावर?"

पण दुसरा पुरावा मिळेना. वीज खात्याचा तिथं खांब नव्हता. तेवढ्यात तात्या हळूच म्हणाले, "माझ्याकडं हाय एक."

सात वर्षांपूर्वी तिथली चारी, म्हणजे कालव्यातून शेतात जाणारा छोटा पाट, कुणीतरी फोडून पाणी वळवलं होतं. तात्यांनी वस्तीवरच्या सोनवणे आबांवर पंचनामा केला होता. नाव, वस्ती, दिशा, सगळं त्यात नोंदलेलं. फक्त आबांची सही नव्हती.

साहेबांनी कागद परत केला. "सही नाही, तर पुरावा नाही."

आबांनी सात वर्षं एकच धरलं होतं, "जे केलं न्हाय त्येच्यावर सही न्हाय." म्हणजे संपलंच. पण सिस्टर वस्तीवर गेल्या, आणि दुसऱ्या दिवशी आबा पांढराशुभ्र सदरा घालून कचेरीत उभे!

"सही केली की आमची घरं नकाशात येत्यात?"

"येतात."

"आन् ओढा फुगला की गाडी येती?"

"येते, आबा."

आबांनी सावकाश सही केली. तात्यांनी टेबलावर थाप मारली. "बगा! सात वरसं मी हेच म्हनत हुतो!" आबांनी पेन टेबलावर ठेवलं. मला त्यांचा थोडा रागच आला. इतकी वर्षं माणूस खोटं बोलला, असं वाटलं.

*

त्याच पावसाळ्यात एका दुपारी ओढा फुगला. वीज गेली, कॉम्प्युटर ठप्प! पण भिंतीवर छापील नकाशा होता आणि त्यावर अकरा टिंबं होती. सिस्टरांनी वही उघडली. "तितं एक बाई नऊ म्हयन्यांची हाय."

वरकुट्याकडून वाट बंद. पण तात्यांच्या नकाशातला कालव्याकडेचा रस्ता शेळगावाकडून थेट वस्तीच्या मागं निघत होता. साहेबांनी शेळगावात फोन करून ट्रॅक्टर सांगितला. तात्या, सिस्टर आणि मी जीपनं शेळगाव गाठलं आणि तिथून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढलो.

वस्तीत पोचलो तेव्हा पाणी विहाराच्या पायरीला लागलं होतं. पोटुशी बाई, पोरं, म्हातारीकोतारी सगळी ट्रॉलीत चढली. आबा शेवटी. वर येताना त्यांचा पाय घसरला, तेव्हा तात्यांनी हात दिला आणि ओढून शेजारी बसवलं.

ट्रॅक्टर कालव्याच्या रस्त्याला लागला. आबांनी एकेक करून माणसं मोजली. सगळी होती. मग ते तात्यांकडं वळले.

"तात्या, आता सांगतो. ती चारी मी फोडलीच न्हवती."