पावडरबाईंचा डावा डोळा

पावडरबाईंच्या खुर्चीत बसलं की राजेसुद्धा गप्प होत. 'राजे' म्हणजे नाटक कंपनीचे मालक आणि मुख्य नट. उभ्या आयुष्यात मुकुटाशिवायची भूमिका त्यांना कुणी दिली नाही, आणि दिली असती तर त्यांनी घेतली नसती. त्यांनी आवाज टाकला की शेवटच्या रांगेत डुलक्या घेणारे ताठ बसत. पण रंगपटात चेहरा रंगवताना बाई त्यांची हनुवटी दोन बोटांत धरत, चेहरा दिव्याकडे वळवत आणि म्हणत, "श्वास घ्या, पण बोलू नका." राजे बोलत नसत.

बाईंचं खरं नाव पगाराच्या दिवशी तेवढं ऐकू येई. 'पावडरबाई' हे नाव कुठल्याशा अवखळ नटीने ठेवलं. पहिले काही दिवस बाई त्यावर फणकारल्या, मग त्यांनी स्वतःच ब्रश घेऊन ते आपल्या रंगांच्या पेटीवर लाल अक्षरांत लिहून टाकलं. "चिडवायचंय ना? मग नीट वाचून चिडवा." असा एकूण स्वभाव.

तर अशा बाईंना एका मोसमात आरशाभोवतीच्या दिव्यांचा राग येऊ लागला. प्रत्येक दिव्याभोवती धुरकट कडं दिसे. त्यांनी वायरमनला बोलावून दिवे बदलायला लावले. आठवड्याने पुन्हा बोलावलं. तिसऱ्यांदा तो शिडीवर चढून म्हणाला, "बाई, आता सूर्य राहिलाय. तो उतरवून लावू का?"

"लाव. पण चांगल्या कंपनीचा बघ," बाई म्हणाल्या.

मग उजव्या बाजूच्या वस्तू भांडण काढू लागल्या. दाराची चौकट खांद्याला लागे, चहाचा कप कोपराने उडे, विंगेत ठेवलेलं सिंहासन नडगीवर बसे. बाई सगळ्यांना फैलावर घेत, "वाटेत सामान टाकायची तुमची सवय कधी जाणार?" सामान नेहमीच्या जागी असे. कुणी काही म्हणत नसे. आता मागे वळून पाहिलं तर त्या रंगपटात कुणी काही न म्हणण्याचे प्रकार तेव्हा फारच वाढले होते.

बोलली ती भाची. भावाची ही मुलगी लहानपणापासून बाईंकडेच राहिलेली, एका शाळेत गणित शिकवणारी, आणि घरातही फळ्यासमोर उभी असल्यासारखी बोलणारी. एका सकाळी बाईंनी तांब्यातलं पाणी पेल्याच्या शेजारी ओतलं, अगदी शांतपणे, पूर्ण पेलाभर. भाचीने फडकं आणलं, टेबल पुसलं आणि म्हणाली, "आत्या, चप्पल घाल. डोळ्यांच्या दवाखान्यात जायचंय."

"मोतीबिंदू असेल. शेजारच्या काकांचा काढला, दुसऱ्या दिवशी पेपर वाचत होते."

"असेल तर तसं डॉक्टर सांगेल. चप्पल."

डॉक्टर म्हणजे एक बारीकशी तरुण मुलगी निघाली. तिने बाईंना एका पांढऱ्या वाडग्यासारख्या यंत्रासमोर बसवलं. हनुवटी टेकवायची, समोरच्या ठिपक्यावर नजर धरायची, आजूबाजूला कुठेही बारीक दिवा चमकला की हातातलं बटण दाबायचं. आयुष्यभर विंगेत उभं राहून प्रकाशाचे इशारे ओळखलेल्या बाईंना यंत्राची लय कळायला वेळ लागला नाही. दिवा, थांबा, दिवा. त्या ठेक्यात बटण दाबत गेल्या आणि विजयी मुद्रेने बाहेर आल्या.

डॉक्टरने कागद पाहिला. "दिवा लागला नव्हता तेव्हाही तुम्ही बटण दाबलंय."

"मग लावायचा ना! चूक तुमच्या माणसाची."

डॉक्टर हसली, पण कागद बाजूला ठेवून म्हणाली, "नाटकात चालेल, इथे नाही. फसवलंत तर तुमचंच नुकसान. पुन्हा बसा."

बाई पुन्हा बसल्या. या वेळी दिसला तरच दाबला. किती वेळ बोट नुसतं बटणावर पडून राहिलं! त्या शांततेत त्यांना पहिल्यांदा भीती वाटली.

"दोन रोग आहेत," डॉक्टर म्हणाली. "मोतीबिंदू तुम्ही ओळखलात. तो सगळं धूसर करतो म्हणून कळतो. त्याच्या आडोशाला काचबिंदू आहे. डोळ्याच्या आतला दाब वाढतो, मागची नस मरत जाते आणि नजर कडेकडेने कमी होते. दुखत नाही. कधी थेंब दिले होते का कुणी?"

दिले होते. काही वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका दवाखान्यात. त्या थेंबांनी बाईंच्या पापण्यांचे केस असे लांब आणि काळेभोर झाले की नट्या येऊन बोटाने ओढून पाहायच्या, चिकटवलेले तर नाहीत ना म्हणून. बाई मिरवल्या. मग बाटली संपली. दुखत काही नव्हतं, तेव्हा दुसरी आणायची कशाला?

"मोतीबिंदू काढता येतो," डॉक्टर पुढे म्हणाली. "काचबिंदूने नेलेली नजर परत येत नाही. उरलेली राखता येते. उजव्या डोळ्यात राखण्यासारखं फार थोडं आहे. डाव्यात मधोमध एक खिडकी शिल्लक आहे. नुसत्या थेंबांनी आता दाब आवरणार नाही. म्हणून मला डाव्यावर ऑपरेशन करायचंय. गढूळ भिंग काढून नवीन बसवायचं, आणि त्याच वेळी वरच्या पापणीखाली, डोळ्याच्या पांढऱ्या भागात, एक छोटं झाकण करून आतल्या पाण्याला बाहेर पडायला वाट द्यायची."

"म्हणजे चांगल्या डोळ्यावर? आधी वाईटावर हात साफ करा!"

"वाचवायचं आहे ते डाव्यात आहे."

मग तिने काही लपवलं नाही. शेजारच्या काकांसारखं दुसऱ्या दिवशी पेपर वगैरे होणार नाही. कित्येक आठवडे अंधुक दिसेल. दाब कधी फार उतरतो, कधी वाट बुजते आणि पुन्हा काम करावं लागतं. आणि रोग इतका पुढे गेला असेल तर क्वचित उरलेली खिडकीही बंद होते. "क्वचित. पण होते."

 घरी येऊन दार लावल्यावर भाचीचं गणित बाहेर आलं. "आत्या, आहे ते राहू दे. मी रोज थेंब घालीन. जितके दिवस दिसेल तितके दिवस दिसेल. घरी बस. पुष्कळ केलंस."

"घरी बसून काय करू? तुझ्या वह्या तपासू?"

त्याच संध्याकाळी राजे आले. मिठाईचा पुडा, आवाजात मध. म्हणाले, "बाई, सगळ्यांनी मिळून ठरवलंय. तुमचा मोठा सत्कार करायचा. रंगमंचावर, पडदा उघडून. आता विश्रांती घ्या."

बाईंनी मान वळवली. राजांचा चेहरा डाव्या डोळ्यातल्या खिडकीत यावा म्हणून त्यांना आताशा अशी मान वळवावी लागे. राजे त्यांची नजर चुकवत होते. चाळीस वर्षं हनुवटी धरलेला चेहरा. काही लपवत असला की त्याची डावी नाकपुडी किंचित फुगते हे बाईंना डोळे मिटूनही कळलं असतं.

"राजे, कुणाचा सत्कार करून त्याला लगेच घरी पाठवतात तेव्हा त्याला काय म्हणतात ठाऊक आहे? अंत्ययात्रा. फक्त खांदे कमी लागतात." त्या उठल्या. "सत्काराची तारीख ठरवू नका. ऑपरेशनची ठरवतेय मी. आणि माझी खुर्ची कुणाला दिलीत तर त्याच खुर्चीने मारीन."

भाची स्वयंपाकघरात जाऊन रडली. मग चेहरा धुऊन बाहेर आली आणि विचारलं, "कपडे कुठले भरू?"

ऑपरेशनच्या टेबलावर डोळ्याभोवती बधिर करणारं इंजेक्शन झालं, चेहऱ्यावर हिरवं कापड आलं. बाई जाग्या होत्या. वर रंगांचे ढग हलत होते, गुलाबी, मग निळसर; एक यंत्र बारीक सुरात गुणगुणत जुनं भिंग फोडून ओढून घेत होतं. बाईंना राहवेना.

"पोरी, हे वाजतंय ते कुठल्या पट्टीत आहे?"

"बाई, श्वास घ्या, पण बोलू नका," डॉक्टर म्हणाली.

कापडाखाली बाईंना हसू फुटलं. आपलंच वाक्य, दुसऱ्याच्या तोंडी, आणि इतक्या बरोबर स्वरात! त्या गप्प राहिल्या. चाळीस वर्षं लोक का गप्प राहत ते त्यांना तेव्हा कळलं. समोरच्याचा हात भरवशाचा आहे हे कातडीला समजतं.

यंत्र थांबलं. आता नुसती कुजबुज, कात्रीची बारीक खिट्, दोऱ्याची ओढ. "हे औषध लावतेय," डॉक्टर सांगत होती, "जखम पूर्ण भरून येऊ नये म्हणून. भरली तर पाण्याची वाट बंद होईल." सगळं जग जखम भरावी म्हणून मलम लावतं, आणि ही उलट करते. बाईंना ती मुलगी एकदम आपल्या जातकुळीची वाटली.

पुढचे आठवडे मात्र खडतर गेले. वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही, थेंबांवर थेंब. दिसत होतं ते पूर्वीपेक्षाही वाईट, दुधात बुडवल्यासारखं. एकदा दाब वर गेला, तेव्हा डॉक्टरने लेसरच्या किरणांनी एक टाका सोडला. बाई घरात भिंतीला हात लावून फिरत आणि भाचीने "आत्या, जपून" म्हटलं की "काय होणार आहे? पडले तर जमिनीवरच पडेन!" म्हणून ओरडत. रात्री मात्र हात ताणून, रंगपटातून आणवून उशाशी ठेवलेल्या पेटीवरची लाल अक्षरं बोटाने चाचपत.

आणि एका सकाळी चहा घेताना त्या म्हणाल्या, "ही कपबशी निळी आहे?"

"कायमचीच निळी आहे, आत्या."

"मी हिरवट म्हणून वापरत होते." मग भाचीकडे बघत राहिल्या. "आणि तुझे केस पिकले! मला सांगितलं नाहीस?"

खिडकी मोठी झाली नव्हती. उजवीकडची चौकट अजून खांद्याला लागत होती. पण खिडकीची काच लख्ख झाली होती. दाब जिथे हवा तिथे ठरला होता. डाव्या डोळ्याचे थेंब बंद झाले, उजव्यात ते जुने, पापण्या वाढवणारे थेंब चालू राहिले, त्यामुळे एका डोळ्याच्या पापण्या नायिकेच्या आणि दुसऱ्याच्या तिच्या सासूच्या झाल्या.

परवानगी मिळताच बाई रंगपटात गेल्या. कुणी आलेलं नव्हतं. भिंतीवर गेल्या दोन मोसमांतल्या नाटकांचे फोटो टांगलेले होते. बाई एकेका फोटोला नाक लावून पाहू लागल्या. चेहरे सुरेख रंगवले होते. पण ही भुवई त्यांची नव्हती. त्या भुवई शेवटी किंचित उचलतात. ही सपाट सुटली होती. गालांवरचा रंग बोटांनी पसरलेला. बाई स्पंज वापरतात. तिसरा फोटो, चौथा. एकही चेहरा त्यांच्या हातचा नव्हता. मग त्यांनी बरोबर आणलेली पेटी उघडून स्वतःच कुठल्या डब्या झिजवल्या ते पाहिलं: लाल तळाला गेलेला, काळा संपलेला. फिके गुलाबी तसेच भरलेले.

राजे दारात आले तेव्हा बाई खुर्चीमागे उभ्या होत्या.

"कुठे पुसत होतात?"

राजांची डावी नाकपुडी फुगली. "कसलं?"

"राजा, पहिली मिशी मी चिकटवलीय तुला. कुठे पुसत होतात?" त्या 'तू'वर आल्या की सुटका नसे.

"मागच्या बेसिनवर," राजे म्हणाले. "बाई, तुम्ही आम्हाला टोमॅटो करत होतात. तुम्हाला दुखवायला कुणाची जीभ रेटेना. म्हणून आम्ही पुसून आपापलं करत होतो. सगळे."

"दोन मोसम?"

राजांनी मान हलवली.

"मी आंधळी होत होते आणि तुम्ही टॉवेल धूत होतात!" बाईंचा आवाज पार विंगेपर्यंत गेला. "टोमॅटो म्हणाला असतास तर मी रागावले असते, चार दिवस बोलले नसते, आणि पाचव्या दिवशी दवाखान्यात गेले असते. तुमच्या मायेने माझी उजवी बाजू खाल्ली, राजा."

 मुकुट नसलेला तो मोठा माणूस पहिल्यांदाच बाईंना म्हातारा दिसला, डोळ्यांखालच्या प्रत्येक सुरकुतीसकट. बाईंनी खुर्ची फिरवली. "बस. संध्याकाळी प्रयोग आहे ना?"

पूर्वी चेहरा एका नजरेत मावायचा. आता तो तुकड्यातुकड्याने घ्यावा लागला. कपाळ, मग गाल, मग जबडा, दर वेळी हनुवटी वळवून. वेळ दुप्पट लागला. बाहेर माणसं घड्याळ पाहत होती. कुणीतरी पडद्याआडून हाक मारली, तिला "गप्प" एवढंच उत्तर मिळालं.

काम झाल्यावर बाईंनी राजांचा दंड धरला आणि उजवा हात भिंतीला लावून त्यांना मागच्या बेसिनपाशी नेलं. तिथला टॉवेल उचलून त्यांच्या हातात दिला.

"पूस. जे जास्त वाटेल ते माझ्यासमोर पूस."

राजांनी आरशात पाहिलं.  मग टॉवेलचं टोक ओलं करून उजव्या कानाजवळ साचलेला रंगाचा एक पट्टा सावकाश टिपला. हात थांबला. त्यांनी बाईंकडे पाहिलं.

बाईंनी मान पूर्ण वळवून ती जागा आपल्या खिडकीत आणली. "बरोबर," त्या म्हणाल्या. "तिथे माझी नजर पोचली नाही. उद्यापासून तिथे दोनदा बघीन. आणखी?"

राजे भुवईकडे हात नेऊ लागले.

"तिला हात लावलास तर बोट मोडीन."

राजांनी हात खाली घेतला, टॉवेल खुंटीला अडकवला आणि ते रंगमंचाकडे निघाले. बाई रंगपटात परतल्या. दारापाशी पाच-सहा नट भिंतीला टेकून उभे होते, सगळं ऐकून चेहरे पडलेले. बाईंनी खुर्चीची पाठ हाताने झटकली.

"पुढचा टोमॅटो कोण? या लवकर."