मुरमातलं रान

मावशींकडे आधी मूठ नाकाशी यायची, बोलणं नंतर. समोर कोणी साहेब असो की भाजीवाली, परसातल्या उकिरड्यातलं मूठभर उचलून त्या नाकापुढे धरायच्या. "वास घे." आपण नाक मुरडलं की म्हणायच्या, "अजून कच्चं हाय." खत पिकलं की नाही, हे त्या आपल्या तोंडावरून ठरवायच्या. माझं तोंड त्यांनी किती वेळा वापरलं, विचारू नका.

ही पन्नास सालानंतरची गोष्ट. पिंपरीला नवा कारखाना आला आणि मावशींचं रान त्याच्या कुंपणाआत गेलं. मुलाला कारखान्यात फिटरची नोकरी लागली आणि राहायला आमच्या शेजारचं क्वार्टर मिळालं. आम्ही कोकणातले, आमचे हे स्टोअरमध्ये कारकून. क्वार्टरमागे परस होतं, पण नुसता मुरूम ओतून सपाट केलेलं. खुरपं मारलं की मनगटाला झिणझिण्या यायच्या. मावशींनी आल्या आल्याच मुलाला सांगून टाकलं, की या मुरमात एक जरी वांगं धरलं तर राहीन. नाहीतर अक्षय्यतृतीयेला निघोज्याहून भाऊ गाडी घेऊन येईल, मी त्याच्यासंगं जाईन. मुलाचे वडील त्याच्या लहानपणीच गेलेले, त्याचं लग्न झालेलं नाही. घरात ही दोघंच. तो बिचारा हबकलाच.

मुरमात वांगं धरायचं तर आधी माती हवी, आणि ती करायची कचऱ्यातून. कारखान्याच्या बागेतलं कापलेलं गवत, मेंदीची छाटणी, वाळका पाला असं सगळं हातगाडीवरून बाहेर जायचं. मुलाने ती हातगाडी आमच्याकडे वळवली. मग परसात तीन पंथ झाले बघा. मावशींचा खड्डा: पाला भरा, शेण टाका, वरून लिंपा आणि विसरा. मुलाचा ढीग, बागेच्या मुकादमाकडून शिकलेला: एक थर ओला, एक वाळका, वर शेणकाला, आणि दर रविवारी फावड्याने सगळं खालीवर. तिसरी मी. केळीच्या बुंध्याशी पाला लोटायचा, पुढचं देव बघतो. मावशी त्याला आळशाचं खत म्हणायच्या, आणि काय खोटं होतं त्यात? कोकणात चार महिने पाऊस झोडपतो म्हणून ते कुजतं. इथल्या कोरड्या वाऱ्यात माझी पानं पापडासारखी कुरकुरीत होऊन पडली होती.

खड्डा गप्प होता. ढीग मात्र असा तापला, की आत हात घातला तर चटकन मागे घ्यावा लागे. सकाळच्या गारव्यात त्यातून वाफा निघायच्या. खड्डा वर्ष खाणार आणि ढीग उन्हाळ्याआधी माती होणार, हे आम्हाला दिसत होतं. मावशींनाही दिसत होतं, पण कबूल करतील तर शपथ!

आणि दिवाळीत घोटाळा झाला. पाडव्याच्या सकाळी घरातला केर सुपात घेऊन, इडापिडा जावो म्हणत उकिरड्यावर टाकायचा आणि तिथे शेणाचा दिवा लावायचा, अशी त्यांच्याकडची रीत. खड्डा तर लिंपून बंद. तेव्हा मावशींनी दिवा लावला मुलाच्या ढिगावर. पोरगा हरखला. त्याला वाटलं, आईने आपला ढीग मानला. पुढच्या रविवारी तो फावडं घेऊन गेला, तर मावशी आडव्या उभ्या. दिवा लागला की ती लक्ष्मी झाली, पेरणीपर्यंत तिला लोखंड लावायचं नाही. सासूने सांगितलेलं, सासूला तिच्या सासूने.

ढीग हलवला नाही, तसा थंड पडत गेला. माझा तर संताप संताप झाला. मी मुलाला बाजूला घेऊन म्हटलं, मावशी देवळात गेल्या की घे उरकून, त्यांना काय कळणार आहे? तो ऐकेना.

"वहिनी, तिचं रान एकदा तिला न इचारता उकरलंय. आता परत न्हाई."



तो आईच्या जाण्याच्या तयारीला लागला. निघोज्याला थंडी जास्त म्हणून नवी वाकळ शिवून घेतली आणि आईच्या पेटीवर ठेवली. मावशींनी ती पाहिली. त्या दिवशी माझ्या नाकालाही सुट्टी मिळाली. दुसऱ्या दिवशी सकाळी फावड्याचा आवाज आला म्हणून मी डोकावले, तर पदर खोचून मावशीच ढीग उलथत होत्या. आणि रडत होत्या. रान गेल्याची गोष्ट सांगतानासुद्धा न रडलेली बाई ती. मला राहवलं नाही, लक्ष्मीचं काय म्हणून विचारलंच.

"लक्ष्मीला मी समजावीन," त्या म्हणाल्या. "ह्याला भाकर कोन घालंल?"

ढीग पुन्हा तापला. संक्रांतीनंतर त्याची काळी, भुसभुशीत माती झाली. मायलेकांनी मुरूम खणून वाफा केला, रोपं लावली. अक्षय्यतृतीयेला भाऊ गाडी घेऊन दारात आला, तेव्हा मावशी चुलीवर वांगी भाजत होत्या. भरीत-भाकरी खाऊन भाऊ एकटाच परत गेला. मला त्या दिवशी इतका आनंद झाला, की मी उगाचच ह्यांच्याशी भांडले.

मावशी पुढे कितीतरी वर्षं आमच्या शेजारी राहिल्या. खड्डा पिकला तेव्हा त्याचीच माती गोड, हेही त्यांनी आम्हाला ऐकवलंच. सून आली, नातवंडं झाली. एका पावसाळ्यात चार दिवसांच्या तापाने त्या गेल्या.

निघोज्याहून भाऊ आला, आता तोही पुरता थकलेला. म्हणाला, तिला गावी नेऊ, नदीकाठी अग्नी देऊ, तिथे आपली माणसं आहेत, इथे परक्या जागेत कशाला? मुलगा भिंतीला टेकून बसला होता.

"मामा, आईचं रान हितं हाय," तो म्हणाला. "ती हितनंच जाईल."

मामा उठून मागच्या परसात गेले, आणि माणसं जमेपर्यंत एकटेच वाफ्यापाशी बसून राहिले.