लाकडाला विचारणारे व्याही

आमच्या किनाऱ्यावर लाकूड जाळणारे पुष्कळ झाले, पण लाकडाला विचारून जाळणारा माणूस एकच झाला, आणि ते माझे व्याही. हे मी मनात हजारदा म्हटलं असेल, लिहायचं मात्र वर्षानुवर्षं टाळलं. त्यांच्याबद्दल लिहायचं तर एका होडीच्या फळीबद्दल लिहावं लागतं, आणि त्या फळीपाशी माझा हात थांबतो. पण या नारळी पौर्णिमेला धक्क्यावर जे कानांवर पडलं, त्यानंतर गप्प बसणं मला जमेना.

व्याही म्हणजे माझ्या सुनेचे वडील. उभी नोकरी न्हावा शेवाला कंटेनर मोजण्यात गेली. निवृत्त झाल्यावर लोक नातवंडांना खेळवतात, देवळाच्या कमिटीत भांडतात. यांनी नागावच्या घराच्या पडवीत लेझरचं यंत्र आणून बसवलं. शवपेटीएवढी ती पेटी, वर काचेचं झाकण, आत डोळ्यांना न दिसणारा किरण आणि बाहेर चष्मा कपाळावर चढवलेले व्याही. मी जन्माचा सुतार. माझ्या वडिलांच्या पटाश्या अजून माझ्या हातात आहेत. मी पहिल्या दिवशीच म्हणालो, "व्याहीबुवा, हे म्हणजे जेवणाऐवजी गोळ्या खाण्यासारखं झालं." ते हसले. "गोळ्यासुद्धा किती ग्रॅमच्या ते बघूनच घ्याव्या लागतात, व्याहीबुवा."

ते 'किती' हाच त्यांचा धर्म होता. कापायचं तर ताकद जास्त आणि चाल धीमी, कोरायचं तर ताकद कमी आणि चाल जलद, एवढं यंत्र विकणाऱ्यानेच त्यांना सांगितलं होतं. पण शिवणीचं लाकूड लोण्यासारखं कापलं जातं, फणस पिवळेपणा टिकवून जळतो, आंबा एकाच फळीत तीन स्वभाव दाखवतो आणि प्लायवुडमधला गोंद मध्येच हटून बसतो, हे सगळं त्यांनी स्वतः एकेका लाकडाला विचारून घेतलं. विचारायची पद्धत ठरलेली होती. ज्या फळीचं काम, त्याच फळीचा तुकडा. त्यावर बारीक बारीक चौकोन, प्रत्येक चौकोनाची ताकद वेगळी. एक चौकोन दुधाच्या सायीसारखा, पुढचा चहासारखा, शेवटचा तव्याच्या बुडासारखा. मग ते तुकडा नाकाशी नेत. "गोड वास आला तर लाकूड हो म्हणतंय. कडू आला तर आपण त्याच्यावर ओरडलो."

असल्या तुकड्यांनी त्यांचं घर भरलं होतं. डगमगत्या टेबलाखाली तुकडा, चहाच्या कपाखाली तुकडा, मांजराच्या वाटीखालीही तुकडाच. माझ्या मुलाच्या लग्नात नवरदेवाला बसायला त्यांनी स्वतःच्या हातांनी पाट केला. वर सुंदर मोर. लग्न लागल्यावर कुणीतरी पाट उलटा केला, तर खाली बुद्धिबळाच्या पटासारखे करपलेले चौकोन. आमच्याकडच्या बायकांना वाटलं, मुलीकडच्यांनी काही करणी केली. व्याही लगबगीने पुढे आले आणि भर मांडवात त्यांनी माझ्या वहिनीला समजावलं, "घाबरू नका, तो बावीस टक्क्यांचा चौकोन आहे. मोर बाविसावरच झालाय."

माणसंही ते टक्क्यांत मोजत. स्वतःच्या मुलीबद्दल म्हणत, "तुमची सून पस्तीस टक्क्यांची. धीम्या चालीने जाते, पण खोल जाते." आणि माझ्याकडे बघून, "तुम्ही नव्वद, व्याहीबुवा. एका फेरीत आरपार." लोक हसत, मीही हसत असे. एकाच फेरीत काम उरकणाऱ्यांचा त्यांना मनापासून कंटाळा होता. जाड लाकडाला पूर्ण ताकद लावली की कड काळी होते, म्हणून ते थोडक्या ताकदीने तीन-चार वेळा त्याच रेषेवरून जात. "रागावून एकदा बोलण्यापेक्षा हळू चारदा सांगावं," हे त्यांचं वाक्य यंत्राबद्दल होतं की संसाराबद्दल, ते विहीणबाईंनाच ठाऊक.

यंत्राच्या नळीला गार पाणी लागे. त्यासाठी शेजारी पंप घातलेली बादली असे आणि मे महिन्यात घरातला सगळा बर्फ त्या बादलीत जाई. पाहुण्यांना कोकम सरबत मिळे ते कोमट. मी टोमणा मारायची संधी सोडत नसे. "यंत्राला बर्फ आणि व्याह्याला काढा! मुलाचा बाप आहे म्हटलं मी." दुसरा त्यांचा नियम असा, की यंत्र चालू असताना जागेवरून हलायचं नाही. आत आग आहे, आणि आगीला एकटं सोडायचं नाही. एकदा मी दारात उभा राहून हाका मारत होतो आणि आतून आवाज आला, "बसा व्याहीबुवा, अजून एक वेलांटी राहिलीय."

होमस्टेंच्या पाट्या, घरांची नावं, देव्हाऱ्यांच्या जाळ्या, सगळं ते करत. पण त्यांचं मन होड्यांत अडकलं होतं. खाडीतल्या होड्यांवर नावं रंगाने लिहितात आणि दर हंगामाला ती खारं पाणी पुसून टाकतं. एकेका होडीवर कोरलेल्या नावाची फळी असावी आणि नारळी पौर्णिमेला सगळी खाडी आपली अक्षरं घेऊन निघावी, हे त्यांचं स्वप्न. कोळीवाड्यातल्या तांडेलाने पहिली फळी आणली तेव्हा मी तिथेच होतो. नवीन होडीला तो आईचं नाव देत होता, चांगुणा. फळी होती मोडलेल्या जुन्या होडीतली, त्याच्या वडिलांच्या.

व्याह्यांनी सवयीने विचारलं, "हिचा एक तुकडा कापून द्याल का?"

"फली न्हाय कापाची," तांडेल म्हणाला. "माजे बापाची होरी हाय ती. येवरीच रायली."

"मग मागच्या बाजूला विचारतो हिला."

"इचारा. पन जपून. माजे आयचं नाव हाय."

फळी उलटी घालून व्याही दिवसभर चौकोन काढत बसले. ते सागवान साधं नव्हतं. होडीला वर्षानुवर्षं माशाचं तेल पाजलेलं असतं, ते लाकडाच्या शिरांत मुरलेलं होतं. साध्या सागाला जी ताकद लागते तिला हे लाकूड भडकत होतं. शेवटी व्याह्यांनी नाक वर काढलं. "अठरा टक्के. आणि चार फेऱ्या. ही म्हातारी आहे, व्याहीबुवा, हिच्याशी हळूच बोलायचं."

दुसऱ्या दिवशी काम सुरू झालं तेव्हा मी मुद्दाम जाऊन बसलो. उकाडा होता, मी पुन्हा सरबतावरून बोललो. विहीणबाईंनी लाजून उरलेला बर्फ माझ्या पेल्यात टाकला. थोड्या वेळाने बादलीतलं पाणी तापलं. यंत्र मध्येच थांबवलं तर अक्षरात सांधा दिसतो. व्याही घुटमळले, मग आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी नियम मोडला. "शेजारून बर्फ घेऊन येतो. तुम्ही आहात म्हणून जातो. नुसतं बघा, हात लावू नका."

मी बघत होतो. किरण मागे-पुढे जात होता आणि अक्षर जेमतेम पिवळं होत होतं. तांडेल येणार होता. मनात आलं, पटाशी घेऊन एवढ्यात मी निम्मं नाव कोरलं असतं. ताकद कुठल्या बटणाने वाढते ते मी शंभरदा पाहिलं होतं. मी ते दाबत गेलो, सत्तरपर्यंत. एक फेरी नीट गेली. दुसरीला 'णा'वर निळसर ज्योत उभी राहिली आणि पडवीभर जळक्या माशाचा वास पसरला.

व्याही धावत आले, झाकण उघडलं, ओल्या फडक्याने आग दाबली. "अचानक पेटलं," मी म्हणालो. त्यांनी एकदा पडद्यावरच्या आकड्याकडे पाहिलं. तेवढ्यात फाटक वाजलं. तांडेल अंगणात आला होता. व्याह्यांनी पटकन बटण दाबत आकडा सत्तरावरून खाली अठरावर आणला आणि मग मागे वळले.

"तांडेल, माझा अंदाज चुकला."

तांडेल काळ्या पडलेल्या अक्षराकडे बघत राहिला. "आयचे नावाला आग लावलीत," एवढंच तो बोलला. मी जवळच उभा होतो. मुलीच्या बापाने मुलाच्या बापाची मान चारचौघांत खाली जाऊ द्यायची नाही, ही आमच्याकडची जुनी रीत. त्यांची मुलगी माझ्या घरात नांदत होती. ती रीत त्यांनी पाळली, आणि मी तिच्या आडोशाला उभा राहिलो.

वाट त्यांनीच काढली. फळीच्या मागच्या बाजूचा पातळ काप काढायचा, जळलेला भाग तासून तिथे तो बसवायचा आणि त्यावर पुन्हा अक्षर कोरायचं. ठिगळ त्याच लाकडाचं, तेल तेच. तासायचं काम माझं. रेषेला रेष जुळवून मी तो तुकडा असा बसवला की बोट फिरवलं तरी सांधा लागू नये. मग त्यांनी अठरावर, चार फेऱ्यांत, 'णा' कोरला. ती फळी आजही होडीवर आहे. पावसाळे गेले, एक अक्षर हललेलं नाही. खाडीत शिरताना उन्हात ती दिसते तेव्हा माझी छाती फुगते. मी जोडलेल्या सांध्याचा त्यात वाटा आहेच, पण त्या लाकडातून ते नाव ज्याने गोडीने वर काढलं, तो माणूस माझा व्याही होता.

गावात मात्र गोष्ट वेगळीच फिरली. 'लेझरवाल्याने जाळली, सुताराने वाचवली.' तांडेलाने कौतुकाने मला सुरमई पाठवली आणि मी ती खाल्ली. नंतर कुठल्याच होडीची फळी व्याह्यांकडे आली नाही. ते कुरकुरले नाहीत. होमस्टेंच्या पाट्यांवर नारळाची झाडं कोरत राहिले. पण संध्याकाळी धक्क्यावर उभे राहून ते होड्यांवरची रंगाने लिहिलेली नावं वाचत, तेव्हा त्यांची बोटं हवेत हलत. कुठल्या नावाला किती ताकद लागेल, ते मोजत असावेत.

गेल्या वर्षी ते गेले. आणि या नारळी पौर्णिमेला तांडेलाने धक्क्यावर माझ्या सुनेला हसत हसत सांगितलं, "तुजे बापान् जालली, सासऱ्यान् वाचवली!" सगळे हसले. तीही हसली, मग पदराशी चाळा करत म्हणाली, "बाबांचा हात त्या एकदाच चुकला." मी तिच्या शेजारीच होतो.

सूनबाई, तू हे वाचशील म्हणून लिहिलं. त्यांचा हात त्या एकदाही चुकला नव्हता. तांडेलालाही मी हेच वाचून दाखवणार आहे, धक्क्यावर, सगळ्यांसमोर.

ते आजारी असताना मी ठरवून गेलो होतो. खाटेजवळ बसून म्हणालो, "व्याहीबुवा, त्या होडीच्या फळीचं..." त्यांनी डोळे उघडले. "तुकडा काय बसवलात हो तुम्ही! रेषेला रेष." मग त्यांनी हात हलवून विहीणबाईंना खुणावलं आणि माझ्यासाठी सरबत आलं. पेला बर्फाने काठोकाठ भरला होता. दातांना कळ येईपर्यंत मी ते पीत राहिलो, आणि एवढंच म्हणायचं राहून गेलं, की व्याहीबुवा, ताकद मी वाढवली होती, मला माफ करा.