माधवनगरच्या दारावरचे स्वागतयंत्र

लिहिण्याचा मला सराव नाही. साठी उलटल्यावरचा हा पहिलाच प्रयत्न, तेव्हा चुकल्यास सांभाळून घ्यावे. आयुष्य महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवण्यात गेले. भुताखेतांच्या गप्पा सुरू झाल्या की हळूच उठून जाणाऱ्यांपैकी मी एक. आजही विश्वास बसला आहे असे म्हणवत नाही... पण घडले ते असे.

निवृत्तीनंतर मी आणि पत्नी सुनंदाने सांगलीजवळ माधवनगरला एका बंद कापडगिरणीच्या व्यवस्थापकाचा जुना दगडी बंगला घेतला. पुढच्या खोल्या पर्यटकांना, मागे आम्ही. पाहुण्यांची तक्रार एकच – आल्यावर दारात कुणी नसते. म्हणून मी दारावर कॅमेरा आणि स्पीकर बसवला. पायरीवर माणसाची आकृती आली की माझ्या मोबाइलवर तिच्याभोवती पिवळी चौकट उमटे, आणि सुनंदाचा ध्वनिमुद्रित आवाज म्हणे, "या, आत या. संकोच करू नका, घर आपलंच आहे."

पाहुणे खूश झाले. फक्त सुनंदाचा भाऊ – लष्करातून निवृत्त झालेला – पायरीवरच थबकला.

"आवं दाजी, न वळखताच या म्हणतंय व्हय हे? उद्या चोर आला तर त्येलाबी च्या पाजील!"

"ते फक्त माणसांशीच बोलतं," मी म्हणालो.

"मंग चोर काय म्हस असतोय?"

सुनंदा हसून हसून बेजार झाली.

पुढे एका दुपारी, बंगल्यात पाहुणे नसताना, यंत्र बोलले. सुनंदा पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर गेली, तर कुणीच नाही. मोबाइलवर मात्र रिकाम्या पायरीवर पिवळी चौकट होती – माणसाच्या उंचीची. सावलीमुळे होत असेल, असे मी ठरवून टाकले. पुन्हा तसेच झाले तेव्हा कॅमेराही बदलला. पण नव्या कॅमेऱ्यात चौकट पायरीवर नव्हती, उंबऱ्यावर होती. त्यानंतर ती दिसेनाशी झाली, आणि मला – आता लिहितानाही लाज वाटते – हायसे वाटले.

काही दिवसांनी सुनंदा बाजारातून परतली. मोबाइलवर मला ती स्पष्ट दिसत होती. हातात भाजीची पिशवी, कपाळावर घाम. चौकट उमटली नाही. यंत्र गप्प. पाठोपाठ दूधवाला आला, त्याला मात्र लगेच – "या, आत या." सुनंदा जागची हलली नाही.

"अगं, बाहेर का उभी?"

"मला कुणी या म्हटलंच नाही."

थट्टा समजून मी हसलो. ती हसली नाही.

यंत्र त्याच दिवशी काढले. पुढे बंगलाही सोडला. मिरजेत सुनंदाच्या सगळ्या तपासण्या केल्या, डॉक्टरांना दोष सापडला नाही. आता सांगलीत लहानसा फ्लॅट आहे, राहणारे आम्ही दोघेच. सुनंदाचा स्वयंपाक तोच, आठवणी शाबूत... फक्त बाहेरून आली की ती दाराशी थांबते. का, याचे उत्तर माझ्या कोणत्याही शास्त्रात मला सापडलेले नाही.

परवा मी बाहेर जाऊन तिचा हात धरला. "ये ना आत. तुझंच घर आहे."

तिने माझ्या खांद्यावरून आत पाहिले, पदर सावरला, आणि पाहुण्या बाईच्या संकोचाने हळूच विचारले, "घरातल्यांना विचारलंत का?"